भरती दीडला, पाऊस सातला

मुंबईतल्या एका विद्यापीठात आमचा छोटा संशोधन गट आहे. शहरावर आपत्ती आली की काय बंद पडतं, काय चालू राहतं आणि बंद पडलेलं पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो, याचा आम्ही संगणकीय मॉडेल्सच्या मदतीने अभ्यास करतो. उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेवर काम चालतं, हिवाळ्यात विजेच्या जाळ्यावर. जून ते सप्टेंबर मात्र पाण्याखेरीज दुसरं काही सुचत नाही. मी इथे पीएच.डी. करते. पावसाळ्यातला आमचा एक कामाचा दिवस असा जातो.

सकाळी ६.३०

पावसाचा अंदाज नंतर, आधी भरतीचं पत्रक. ही गटाची शिस्त आहे. आज आषाढ वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची रीत कोकणपट्टीत जुनी आहे. दोनाची पाऊणपट दीड. पत्रकातही भरती दुपारी दीडच्या सुमारास आहे, उंची ४.७ मीटर. ओहोटी संध्याकाळी पावणेआठच्या आसपास.

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या उताराच्या जोरावर समुद्रात रिकाम्या होतात. त्यांची कित्येक पातमुखं मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र चढला की वाहिनीचं तोंड बंद होतं आणि पाऊस जिथे पडला तिथेच थांबतो. त्यासाठीच हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे उदंचन केंद्रं उभी राहिली. भरतीच्या वेळी तिथले पंप पाणी उचलून समुद्रात टाकतात. जिथे पंप नाहीत, तिथे ओहोटीची वाट बघणं आलं.

४.७ मीटर म्हणजे कशापासून ४.७? भरतीच्या पत्रकाचं शून्य ओहोटीच्या जवळजवळ नीचतम पातळीवर असतं. सर्वेक्षणाच्या नकाशांचं शून्य सरासरी समुद्रसपाटीवर. आणि महापालिकेच्या जुन्या आराखड्यांतल्या उंच्या ‘टाउन हॉल डेटम’वर, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटी आहे त्या इमारतीशी जोडलेल्या पातळीवरून मोजलेल्या. एका शहरात तीन शून्यं. नव्या विद्यार्थ्याचा पहिला महिना या तिन्हींचा मेळ घालण्यात जातो, कारण इथे अर्ध्या मीटरचा घोळ झाला तर मॉडेलमध्ये अख्खं परळ कोरडं राहतं, नाहीतर अख्खं बुडतं.

चहा होईस्तोवर रात्री लावलेल्या गणनांचे निकाल बघते. त्यातली एक मध्येच फुटली आहे. एका नाल्यात पाण्याचा वेग विमानाइतका झाला आणि प्रोग्रॅमने हात टेकले. कारण ओळखीचं आहे. मॉडेल शहराचे चौकोन पाडून दर क्षणाला पाणी एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात सरकवतं. एका पावलात पाण्याने एकापेक्षा जास्त चौकोन ओलांडला तर गणित कोसळतं. ही अट कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ साली मांडली आणि ती आजही आम्हाला रोज भेटते. वेळेचं पाऊल लहान करून गणना पुन्हा सुरू करते.

सकाळी ८.३०

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो. आदल्या सकाळच्या साडेआठपासूनचा चोवीस तासांचा आकडा आता येतो. ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. आजचा आकडा सांताक्रूझलाही साधाच आहे. पुढच्या चोवीस तासांसाठी इशारा पिवळा.

शहराचा एक आकडा नसतो, हे मुंबई २६ जुलै २००५ ला शिकली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. दोन वेधशाळांमध्ये अंतर फार तर वीस-पंचवीस किलोमीटरचं. उपग्रहावरून काढलेल्या पावसाच्या नकाशात एक चौकोन दहा-अकरा किलोमीटरचा असतो. शेतीच्या किंवा धरणाच्या कामाला तो पुरतो. त्यावरून परळच्या हिंदमाता चौकातलं पाणी सांगणं शक्य नाही. म्हणून आम्ही शहरभर बसवलेल्या स्वयंचलित पर्जन्यमापकांचे आकडे घेतो आणि रडारचं चित्र त्यांच्यावर ताडून बघतो. कुलाब्याच्या जुन्या रडारला २०२२ पासून वेरावलीच्या रडारची जोड मिळाली आहे.

आणखी एक गोष्ट चोवीस तासांच्या आकड्यात दडते. शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर शहराला कळतही नाही. तोच दोन तासांत कोसळला तर लोकल थांबतात. मुंबईची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती. तीही ओहोटीच्या वेळी, आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरून. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायला सांगितलं आणि मुरण्याचा हिशोब सोडून द्यायला सांगितला. मोठ्या कामांना खरा जोर आला तो २००५ च्या पुरानंतर, माधवराव चितळे समितीचा अहवाल आल्यावर. एका चौरस किलोमीटरवर तासात ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच कोटी लिटर पाणी. काँक्रीटने झाकलेल्या वस्तीत त्यातलं मुरणार तरी किती?

सकाळी ९.३०

गटाची बैठक. टेबलाभोवती जलशास्त्र शिकलेल्या मॅडम, संगणकशास्त्रातून आलेला पोस्टडॉक, भूगोलाची एक संशोधिका, सांख्यिकीतला एक मुलगा, एम.टेक.चे दोघं आणि मी. वाद नेहमीचाच: मॉडेलने मोजायचं काय?

लवचीक शहराची कल्पना परिसंस्थांच्या अभ्यासातून आली. सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये दाखवलं की धक्का बसल्यावर काही व्यवस्था पूर्वपदावर येतात आणि काही वेगळ्याच अवस्थेत जाऊन बसतात. अभियंत्यांनी ती कल्पना मोजण्याजोगी केली. २००३ मध्ये मिशेल ब्रुनो आणि सहकाऱ्यांनी भूकंपाच्या संदर्भात एक आलेख मांडला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर व्यवस्था किती टक्के चालू आहे. धक्का बसला की रेघ खाली येते, मग हळूहळू वर चढते. मधला त्रिकोण म्हणजे शहराने गमावलेलं. तो दोन प्रकारे लहान होतो: रेघ कमी खाली येऊ देऊन, किंवा लवकर वर चढवून.

पण उभ्या अक्षावर काय ठेवायचं? पोस्टडॉकचं म्हणणं, नुकसान रुपयांत मोजू, सगळ्यांना समजतं. भूगोलवाली उसळते. “रुपयांत मोजलंस तर वरळीच्या तळघरातल्या चार मोटारी कुर्ल्याच्या चाळीस खोल्यांना भारी पडतील. मग मॉडेल सांगेल, पंप वरळीला न्या. आणि मॉडेलने सांगितलं म्हणजे ते शास्त्रीय!” मॅडम फळ्यावर दोन स्तंभ आखतात. एकात रुपये, दुसऱ्यात माणसांचे गमावलेले तास: घरात अडकलेले, कामावर न पोचलेले, पाण्याच्या टँकरच्या रांगेत गेलेले. दोन्ही काढायचे आणि जिथे उत्तर वेगळं येतं ते चौक वेगळ्या रंगात दाखवायचे, असं ठरतं. आमच्या कामातला सगळ्यात मोठा निर्णय फळ्यावर खडूने होतो. संगणक नंतर फक्त तो अमलात आणतो.

सकाळी १०.३०

आता हातकाम. मॉडेलला चार गोष्टी लागतात: जमिनीचा चढउतार, गटारांचं जाळं, पाऊस आणि समुद्राची पातळी. रस्त्यावरच्या पाण्यासाठी सेंट-वेनांच्या १८७१ च्या समीकरणांचं सोपं केलेलं रूप, जमिनीच्या खडबडीतपणासाठी मॅनिंगचा गुणांक आणि भूमिगत वाहिन्यांसाठी ‘स्वम’ हे सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेसाठी ते १९७१ मध्ये तयार झालं, सगळ्यांसाठी खुलं आहे आणि जगभर वापरात आहे.

गणित जुनं आणि खात्रीचं आहे. त्रास देतो तो नकाशा. उपग्रहाला पूल भिंतीसारखा दिसतो. उंचीच्या नकाशात द्रुतगती मार्ग नाल्याच्या मधोमध धरणासारखा उभा राहतो आणि मॉडेलमधलं पाणी त्यामागे तुंबतं. मिठी नदी विमानतळाखालून जाते. नकाशात मात्र धावपट्टी सलग आहे. असे पूल आणि मोऱ्या एकेक शोधून हाताने कापाव्या लागतात. एम.टेक.च्या मुलाचा अख्खा आठवडा या कामात गेला आहे. तो म्हणतो, “ताई, मी मशीन लर्निंग करायला आलो होतो. इथे मोऱ्या खणतोय.”

मग चौकोन किती बारीक करायचे हा प्रश्न. दहा मीटरच्या चौकोनात रस्ता दिसतो, गल्ली दिसत नाही. दोन मीटरवर गेलं की गल्ली दिसते. पण चौकोन पंचवीसपट होतात, आणि १९२८ ची ती अट पाळायला वेळेची पावलं पाचपट करावी लागतात. म्हणजे गणना सव्वाशेपट. पाऊस पडून गेल्यावर आलेल्या अंदाजाचा उपयोग काय? म्हणून सगळीकडे दहा मीटर आणि निवडक सखल भागांत दोन मीटर अशी तडजोड केली आहे.

गाळाचं कोडं मात्र सुटलेलं नाही. नालेसफाईत किती मेट्रिक टन गाळ काढला याचे आकडे दर वर्षी जाहीर होतात. मॉडेलला हवी असते नाल्याची उरलेली खोली. काढला किती, यावरून उरला किती हे कळत नाही. दोन मीटर खोल नाल्यात अर्धा मीटर गाळ बसला असेल तर आराखड्यातली क्षमता कागदावरच राहते. मग आम्ही गाळाच्या तीन शक्यता धरून तीनदा गणना करतो आणि उत्तर एका आकड्यात न देता पट्ट्यात देतो.

दुपारी १२.१५

भरतीच्या वेळी नदी बघायची म्हणून कुर्ल्याला निघतो. मी, भूगोलवाली, सोबत सर्वेची पट्टी आणि उंची नोंदवणारं उपकरण. लोकल वेळेवर आहे. कुर्ला आणि सायनच्या मधले रूळ कोरडे आहेत. नजर आपोआप तिकडे जातेच.

मिठी विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून सुरू होते, सुमारे अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत मिळते. वरचा उतार बरा आहे, कुर्ल्यापासून पुढे जवळजवळ सपाट. खाडीतून भरती आत चढली की नदीला पुढे जायला जागा उरत नाही. दीड वाजता क्रांतीनगरजवळ पुलावरून बघितलं तर पाणी थबकल्यासारखं दिसतं. आज वर पाऊस नाही, म्हणून ते काठाच्या आत आहे. पातळी आणि वेळ लिहून घेतो.

मागच्या गल्लीत एक पिठाची गिरणी आहे. गिरणीवाले काका आता ओळखतात.

“काय गं पोरींनो, पट्टी घेऊन परत?”

“काका, गेल्या पावसात पाणी कुठवर आलं होतं?”

ते दारातली दुसरी पायरी दाखवतात. आम्ही पायरीची उंची घेतो. “अर्ध्या दिवसात उतरलंही,” ते म्हणतात. “पण गिरणी आठ दिवस बंद होती. मोटर जळाली ना! आणि माझ्या एकट्याची नाही, या पट्ट्यातल्या सगळ्यांच्या जळाल्या. रिवाइंडिंगवाला एकच. त्याच्या दारात ही रांग. त्यात त्याच्याही दुकानात पाणी शिरलेलं, कॉपरची तार भिजलेली.”

यंदा काकांनी मोटर विटांच्या उंच ओट्यावर बसवली आहे. समोरच्या खोलीत फ्रिज लोखंडी घोडीवर आहे, उंबऱ्याला सिमेंटचा बांध आहे, कागदपत्रं पोटमाळ्यावर. आमच्या जुन्या मॉडेलमध्ये पाणी गुडघ्याला लागलं की माणसं घर सोडून उंच जागी जात. इथे कुणी जात नाही. बाया-पोरं पोटमाळ्यावर चढतात आणि पुरुष सामान राखतात, कारण घर सोडलं तर घर जाण्याची भीती पाण्यापेक्षा मोठी आहे. हे जनगणनेत नसतं आणि उपग्रहातून दिसत नाही. परतीच्या लोकलमध्ये भूगोलवाली वहीत मोठ्या अक्षरांत लिहिते: दुरुस्तीची रांग.

दुपारी ३.००

ती रांग आता मॉडेलमध्ये घालायची. आजवर आम्ही प्रत्येक दुकानाला सावरण्याचा ठराविक काळ देत होतो. प्रत्यक्षात सगळ्यांचं एकाच वेळी बिघडतं आणि दुरुस्त करणारे हात तेवढेच राहतात. बँकेत एकच खिडकी उघडी असेल तर काय होतं, त्याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. तेच इथे लावायचं. पहिल्याच गणनेत दिसतं की पाण्याखाली आलेली दुकानं दुप्पट झाली तर सावरण्याचा काळ दुपटीहून पुढे जातो, कारण दुरुस्ती करणारेही पाण्यात असतात. एका इलेक्ट्रिशियनचं दुकान उंचावर असणं अख्ख्या गल्लीच्या कामाला येतं.

तोवर पोस्टडॉक वाहतुकीच्या जाळ्यात बुडालेला असतो. त्याच्या पडद्यावर मुंबई म्हणजे ठिपके आणि रेघा. मुंबई उत्तर-दक्षिण लांब आहे, रेल्वेच्या तीन मुख्य मार्गांवर लटकलेली. कोरोनाच्या आधी त्यांवरून रोज सुमारे ७५ लाख प्रवास होत. पूर्व-पश्चिम जोडणारे रस्ते मोजके. जाळ्यांच्या अभ्यासातला एक गाजलेला निष्कर्ष आहे, २००० सालचा, अल्बर्ट, जोंग आणि बाराबासी यांचा: काही जाळी यादृच्छिक बिघाड सहज सोसतात, पण नेमके मोठे सांधे तोडले की कोसळतात. पाणी यादृच्छिक नसतं. ते सखल जागा निवडतं, आणि मुंबईचे कित्येक मोठे सांधे नेमके सखल जागी आहेत.

आजचा प्रश्न परळचा. हिंदमाता चौक बशीसारखा खोलगट. त्याच्या आसपास केईएम, वाडिया आणि टाटा ही मोठी रुग्णालयं. रुग्णालयांत पाणी शिरत नाही, त्यामुळे साध्या पूरनकाशात ती हिरवी दिसतात. पोस्टडॉक रस्त्यांवरचं पाणी टप्प्याटप्प्याने वाढवतो आणि प्रत्येक टप्प्याला ठिकठिकाणांहून रुग्णालयापर्यंत रुग्णवाहिकेला किती वेळ लागेल हे काढतो. बराच काळ वेळ थोडा थोडा वाढतो. मग एक वळण येतं. आणखी एखाद-दुसरा रस्ता बंद झाला की वेळ एकदम उडी मारतो, कारण पर्यायी रस्ता संपलेला असतो. इमारत कोरडी, पण तिच्यापर्यंत पोचता येत नाही.

हिंदमाताला उपाय झाले आहेत. प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या. भरतीच्या वेळचं पाणी तिथे थोपवायचं आणि समुद्र उतरला की सोडायचं. मॉडेलमध्ये टाक्या काढून आणि ठेवून बघितलं की त्यांचं काम कळतं: त्या वेळ विकत घेतात. टाकी भरली की तो वेळ संपतो. लागोपाठ दोन सरी आल्या तर दुसऱ्या सरीच्या आधी टाकी रिकामी झाली आहे का, यावर सगळं ठरतं.

नवी कामं नव्या फटीही आणतात. २६ मे २०२५ ला मोसमी पाऊस मुंबईत आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर पोचला आणि भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. उन्नत मेट्रोचं तसं नसतं. २०१४ पासून धावणारी वर्सोवा-घाटकोपर मार्गिका खाली पाणी असताना पूर्व-पश्चिम जोडणीचा आधार होते. म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक दुव्याला त्याची उंची आणि पाणी शिरायची वाट, दोन्ही नोंदवावी लागतात.

सायंकाळी ५.००

महापालिकेच्या अभियंत्यांबरोबर साप्ताहिक बैठक, व्हिडिओवर. एक दुय्यम अभियंता कुठल्याशा नाल्याच्या काठावरून बोलतो आहे, डोक्यावर हेल्मेट. पोस्टडॉक रंगीत नकाशा दाखवतो, पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये.

“सर, नकाशा छान आहे,” अभियंता म्हणतो. “पण माझ्याकडे डिझेल पंप मोजके आहेत. ते दुपारी कुठे उभे करायचे, सांगा. एकदा पाणी भरलं की ट्रॅफिकमधून पंप हलवता येत नाही.”

मॅडम त्याला विचारतात, “आम्ही दहा चौक सांगितले आणि सहाच भरले तर चालेल? की सहाच सांगावेत आणि त्यातला एखादा निसटला तरी चालेल?”

तो थोडा थांबतो. “मॅडम, चार ठिकाणी माणसं उगाच उभी राहिली तर मला शिव्या बसतील. एक ठिकाण निसटलं तर चौकशी बसेल.”

संशोधनपत्रिकेत ज्याला आम्ही उंबरठा निवडणं म्हणतो, ते प्रत्यक्षात असं ठरतं. खोट्या इशाऱ्याची आणि चुकलेल्या इशाऱ्याची किंमत कोण मोजणार, हे समीकरणातून येत नाही. इशारा देण्याची अधिकृत जबाबदारी आमची नाहीही. मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा यंत्रणा केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने महापालिकेबरोबर जून २०२० पासून सुरू केलेली आहे. आमचं काम तिच्या पलीकडचं: पाणी आल्यावर शहराचं काय होतं आणि कोणती दुरुस्ती आधी केली तर सगळं लवकर सुरू होतं.

सायंकाळी ७.००

घरी निघायच्या वेळी पाऊस सुरू होतो, आणि सुरू होतो तो धो धो. रडारच्या चित्रात लाल पट्टा घाटकोपर-कुर्ल्यावर येऊन उभा आहे. पर्जन्यमापकांचे आकडे दर पंधरा मिनिटांनी चढतात. तासाभरात पन्नासच्या घरात. सगळे खोलीतच थांबतो. कुणीतरी कँटीनमधून वडापाव आणतं.

आठ वाजेपर्यंत नेहमीच्या जागी पाणी साचतं, लोकल मंदावतात, आणि नवाच्या आत पाणी ओसरायला लागतं. बातम्यांत चार ओळी येतील आणि विषय संपेल. ओहोटी पावणेआठला होती. पातमुखं उघडी होती.

मग सांख्यिकीतला मुलगा सगळ्यांच्या मनातलं बोलतो: “हाच पाऊस दीडला पडला असता तर?” मॉडेलचं खरं काम इथे सुरू होतं, कारण शहराला एकच दिवस मिळतो आणि आम्हाला हवे तेवढे. आत्ताचा पाऊस तसाच उचलून साडेपाच तास मागे सरकवतो, भरतीवर बसवतो आणि गणना लावतो.

निकाल बघून खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. पाण्याची कमाल उंची फारशी वाढलेली नाही. पाणी थांबण्याचा काळ मात्र कितीतरी लांबला आहे. शाळा सुटण्याची वेळ गिळून तो संध्याकाळच्या गर्दीपर्यंत पोचतो. दुरुस्तीची रांगही त्याबरोबर लांबते, कारण तासभर भिजलेली मोटर कधी वाळवून चालते, अर्धा दिवस पाण्यात राहिलेली जळते. पाऊस तोच, शहर तेच. घड्याळ फक्त बदललं.

रात्री ९.३०

शेवटचं काम पडताळणीचं. मॉडेलने सांगितलेली पातळी आणि मोजलेली पातळी शेजारी ठेवायची. त्यासाठी नॅश आणि सटक्लिफ यांचं १९७० चं एक माप वापरतात: एक म्हणजे तंतोतंत, शून्य म्हणजे सरासरी सांगितली असती तरी चाललं असतं. नदीवर जिथे पातळी मोजणारं उपकरण आहे तिथे आमचा आकडा बरा येतो. गल्ल्यांत उपकरणं नसतात. तिथे आमचा आधार म्हणजे पायऱ्यांवरच्या खुणा, भिंतींवरचे ओलीचे पट्टे आणि लोकांनी काढलेले फोटो.

या फोटोंचा एक मोठा दोष आहे. ते सगळे पाणी चढल्याचे असतात. गुडघाभर पाण्यातली रिक्षा, छातीभर पाण्यातून चाललेला माणूस, रुळांवरचा समुद्र. पाणी उतरलं कधी, याचा फोटो कुणी काढत नाही. वीज कधी आली, नळ कधी स्वच्छ झाला, दुकान कधी उघडलं, कामावर पुन्हा कधी जाता आलं, याची नोंद कुठेच राहत नाही. ब्रुनोंच्या त्या आलेखातली खाली येणारी रेघ आमच्याकडे भरपूर आहे. वर चढणारी रेघ अंदाजाने काढावी लागते, आणि शहर किती तग धरतं याचं उत्तर त्याच रेघेत आहे. उपसा करणाऱ्या यंत्रणेला शाबासकी द्यायची किंवा जाब विचारायचा, तर तेही त्याच रेघेवरून करता येईल.

पाणी भरणारच नाही असं शहर मुंबईच्या जागेवर बांधता येणार नाही. बेटं जोडून, खाडी भरून ते उभं आहे आणि समुद्र दिवसातून दोनदा चढतो. लवकर सावरणारं शहर मात्र बांधता येईल. त्यासाठी लागणारा अर्धा आकडा महापालिकेकडे आहे: नाल्यांची आजची खोली, पंप सुरू आणि बंद झाल्याच्या वेळा. तो दर पावसाळ्यात सगळ्यांसाठी खुला व्हायला हवा. उरलेला अर्धा वाचकांकडे आहे. तुमच्या दारात पाणी आलं तर फोटो जरूर काढा, पण पायरी, खांब किंवा भिंतीवरचा नळ असं काही मोजता येण्याजोगं चौकटीत घ्या. आणि पाणी गेल्यावर दोन वेळा कागदावर लिहून ठेवा: जमीन दिसली ती, आणि तुमचं काम पुन्हा सुरू झालं ती. सोसायटीच्या नोंदवहीत, दुकानाच्या खतावणीत, कुठेही लिहा. पुढच्या बैठकीत वॉर्ड कार्यालयात तो कागद घेऊन जा.